क्वेरी कोडबाहेर काढताना: दूध संकलन प्रणालीच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध संस्थेची संकलन आणि बिलाची प्रणाली मी सांभाळते. मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस, पुढे पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. आधी ती पीएचपीत होती, दुसऱ्याच कुणी लिहिलेली. भाषा बदलली, सर्व्हर बदलला, स्क्रीन तीनदा बदलले. बिलाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, मात्र अल्पविरामासकट तशीच पुढे येत राहिली. तरीही तिला स्वतःची जागा नाही. पायथनच्या एका फंक्शनच्या पोटात, अवतरण चिन्हांत, तुकड्यातुकड्यांनी ती पडून आहे.

मागच्या महिन्यात सचिवकाकांचा फोन आला होता. "ताई, बिलातनं आधी पशुखाद्याचं कापतंय का उचल?" एवढाच प्रश्न. उत्तर शोधायला पाऊण तास गेला. क्वेरीचा पहिला तुकडा एका फाइलीत, कपातीची अट दुसरीकडे, आणि कोणती अट कधी जोडायची हे ठरवणारे पाच ‘इफ’ तिसरीकडे. गावातल्या चारशेवर घरांचे पैसे ज्या नियमाने वाटले जातात, तो नियम एका दमात वाचता येत नाही. मग तो चुकला असला तरी कळणार कुणाला?

म्हणून हे काम हाती घेतलं आहे. सगळ्या क्वेरी कोडमधून उचलून एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या भाषेच्या, स्वतंत्र फाइलींत ठेवायच्या. पायथनने नाव घेऊन हाक मारायची, परिमाणं (तारखेसारख्या, दर वेळी बदलणाऱ्या किमती) द्यायची आणि उत्तर घ्यायचं.

४ जून, बुधवार

मोजणी झाली. एकूण १४३ ठिकाणी क्वेरी लिहिलेल्या आहेत. त्यातल्या साठ-सत्तर अगदी साध्या, एका ओळीच्या. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

बिलाची क्वेरी मात्र एक नाही, चार आहेत. एक बिल छापायला, एक उत्पादकाच्या मोबाइलवर जाणाऱ्या गोषवाऱ्याला, एक बँकेच्या फाइलीला आणि एक वार्षिक हिशोबाला. चौघी एकाच आईच्या लेकी आहेत हे उघड दिसतं, टेबलांची टोपणनावंसुद्धा तीच. पण प्रत्येकीत कुणीतरी वेगवेगळ्या वेळी हात घातला आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे अनुदान दिलं, आधी ५ आणि नंतर ७ रुपये, तेव्हा पात्र लिटर वेगळे दाखवायची ओळ मीच घातली होती. ती तीन ठिकाणी आहे. चौथी तेव्हा मला सापडलीच नव्हती.

चारही प्रती कागदावर छापून शेजारी शेजारी ठेवल्या आणि पेन्सिलीने फरक खुणावले. एकूण अकरा. त्यातले कोणते मुद्दाम केलेले आणि कोणते राहून गेलेले, हे आज सांगता येत नाही.

६ जून, शुक्रवार

मांडणी ठरवली. ‘क्वेरी’ नावाचा एक फोल्डर. त्यात टेबलागणिक फाइल ठेवायची नाही, कामागणिक ठेवायची: संकलन, दरपत्रक, बिल, कपात, बँक, सभासद. बिलाच्या क्वेरीत पाच टेबलं येतात. टेबलाच्या नावाने शोधायला गेलं तर ती कोणत्या फाइलीत असेल ते ठरत नाही. सचिवकाका ज्या शब्दाने विचारतात तो शब्द फाइलीला द्यायचा. प्रत्येक क्वेरीच्या डोक्यावर दोन आडव्या रेघा देऊन एका ओळीत नाव, त्याखाली मराठीत दोन-चार ओळींची टिप्पणी: ही क्वेरी काय मोजते, कुणाला वगळते, आणि का.

ही पद्धत माझी नाही. क्लोजर भाषेत क्रिस जेन्किन्स यांनी ‘येसक्यूएल’ नावाची लायब्ररी (तयार कोडचा संच) केली, तिथून ही चाल पसरली. पायथनमध्ये ‘एआयओएसक्यूएल’ त्याच वाटेने जाते. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं: डेटाबेसशी बोलायला एसक्यूएल ही भाषा आधीच आहे, तिच्यावर दुसरी भाषा चढवायची गरज नाही, तिला फक्त नीट जागा द्या. १९७४ मध्ये आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी ही भाषा मांडली, तेव्हा प्रोग्रामर नसलेल्या माणसालाही डेटा विचारता यावा हा हेतू होता. सचिवकाकांसारखा माणूस!

लायब्ररी असूनही मी आधी स्वतःचा लोडर, म्हणजे फाइलीतून क्वेरी वाचून घेणारा कोड, लिहायला घेतला. चाळीस ओळींचं काम आहे आणि आतलं सगळं माहीत असलेलं बरं, असा विचार. विसर्गचिन्हासारख्या कोलननंतर आलेला शब्द परिमाण समजायचा आणि तिथे किंमत बांधायची.

परिमाणांची नावं देवनागरीत ठेवावीत असं मनात होतं. पोस्टग्रेसला देवनागरी नावं चालतात. पायथनलाही चालतात, ‘तारीख’ नावाचं व्हेरिएबल बिनतक्रार चाललं. लोडरमध्ये मात्र ‘तारीख’ पोचलं तेव्हा त्याचा फक्त ‘त’ उरला होता. कारण शोधलं: रेगेक्समध्ये (मजकुरात नमुने शोधायच्या खुणांमध्ये) ‘शब्दातलं कोणतंही अक्षर’ असं सांगणारी जी खूण आहे, ती पायथनच्या नेहमीच्या रेगेक्स मॉड्यूलमध्ये काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाही. ‘त’ अक्षर, पुढचा काना परका. शब्द तिथेच तुटतो. ‘गट’ चाललं असतं, ‘गाय’ नाही. खूण बदलून मार्ग काढता आला असता, पण माझ्यानंतर कुणी लायब्ररी बदलली की पुन्हा तेच होईल. म्हणून नावं मराठी शब्दांचीच ठेवली, लिपी रोमन. टिप्पण्या देवनागरीत.

९ जून, सोमवार

स्वतःचा लोडर सोडला. संकलनाच्या पावतीवर वेळ छापायला एका क्वेरीत तास आणि मिनिटांचा साचा आहे, ‘एचएच२४’ कोलन ‘एमआय’. लोडरने त्या कोलनपुढच्या ‘एमआय’ला परिमाण समजून किंमत मागितली. साचा अवतरण चिन्हांच्या आत आहे हे त्याला कळायला हवं होतं. मग दुहेरी कोलनचं प्रकाररूपांतर (किमतीचा प्रकार बदलणं), मग टिप्पणीतला कोलन, असं करत चाळीस ओळींच्या दीडशे झाल्या असत्या. एआयओएसक्यूएल हे सगळं आधीच सांभाळते. संध्याकाळी तिच्यावर आणलं, लोडर पुसून टाकला.

या लायब्ररीत नावापुढच्या चिन्हावरून उत्तराचा आकार ठरतो. काही नसेल तर अनेक ओळी, टोपीसारखं चिन्ह असेल तर एकच ओळ, डॉलर असेल तर एकच किंमत, उद्गारचिन्ह असेल तर बदल करणारी क्वेरी. हे मला फार आवडलं. उद्गारचिन्ह दिसलं की हात आपोआप थबकतो: इथे काहीतरी लिहिलं किंवा पुसलं जाणार आहे.

११ जून, बुधवार

काल १० तारीख, म्हणजे १ ते १० चं बिल आज निघालं. चारही जुन्या क्वेरी आणि माझी नवी एक क्वेरी, पाचही चालवून बेरजा ताडून पाहिल्या. छापील बिल आणि बँकेची फाइल नव्या क्वेरीशी जुळली. मोबाइलचा गोषवारा प्रत्येक सभासदाला बरोबर एका दिवसाने कमी.

मोबाइलच्या क्वेरीत तारखेची अट ‘बिट्वीन’ने लिहिलेली आहे, १ जून ते १० जून. वाचताना दोन्ही दिवस धरलेत असंच वाटतं. पण त्या कॉलममध्ये नुसती तारीख नाही, वजनकाट्याकडून आलेली वेळ आहे. नुसत्या ‘१० जून’चा अर्थ पोस्टग्रेस १० जूनची मध्यरात्र असा घेतं, दिवस सुरू होण्याचा क्षण. त्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी घातलेलं दूध त्या क्षणानंतरचं, म्हणून ते बाहेर. छापील बिलाच्या प्रतीत कुणीतरी पुढे ‘२३:५९:५९’ जोडून ही चूक बुजवली होती. बाकीच्या दोन प्रतींत ते पोचलंच नाही.

सचिवकाका म्हणाले, लोक अधूनमधून सांगत असतात की मोबाइलवर कमी दिसतंय. ते छापील बिल दाखवून समजूत घालत आले. पैसे बरोबर मिळत होते म्हणून विषय तिथेच थांबत असे.

नव्या क्वेरीत अट अशी आहे: ‘पासून’च्या दिवसासकट, आणि ‘पर्यंत’च्या दुसऱ्या दिवसाच्या आधी. शेवटच्या सेकंदाचा प्रश्नच उरत नाही, आणि वेळेच्या कॉलमवरचा इंडेक्सही (शोध झटपट करणारी सूची) वापरता येतो. जुन्या एका प्रतीत कॉलमवर तारखेचं फंक्शन लावलं होतं, त्यामुळे तिथे दर वेळी पूर्ण टेबल चाळलं जात होतं.

१२ जून, गुरुवार

रात्री झोप लागली नाही. बाकीच्या दोन प्रतींपैकी दुसरी वार्षिक हिशोबाची.

पहाटे उठून पाहिलं. तिथेही ‘बिट्वीन’, १ एप्रिल ते ३१ मार्च. म्हणजे वर्षाच्या हिशोबात ३१ मार्चचं दूध धरलेलं नाही. आणि दिवाळीला सभासदांना जो दरफरक दिला जातो, तो याच बेरजेवर लिटरमागे काढतात. २०२३ आणि २०२४ च्या दिवाळीत वाटलेला फरक एका दिवसाच्या दुधाने कमी गेला आहे.

रक्कम मोठी नाही. एका सभासदाचं उदाहरण घेतलं: ३१ मार्चला दोन्ही वेळचं मिळून १४ लिटर, त्या वर्षी फरक लिटरमागे १ रुपया १० पैसे, म्हणजे १५ रुपये ४० पैसे. पण ते त्याचे आहेत. पहाटे उठून धार काढून, किटली घेऊन जे दूध त्याने केंद्रावर घातलं, त्या दूधाचे.

दहा वाजता सचिवकाकांना फोन करून सगळं सांगितलं. क्षणभर ते गप्प होते. मग म्हणाले, "यादी काढा ताई. माणसागणिक काढा. मंडळापुढं मी ठेवतो."

१७ जून, मंगळवार

यादी काढली, दोन्ही वर्षांची. ती काढणारी क्वेरीही फोल्डरमध्ये ठेवली आहे, टिप्पणीत पूर्ण हकिगत लिहून. ही एकदाच वापरायची असली तरी पुसायची नाही.

आज आणखी एक गोष्ट दिसली. चाचणीच्या सर्व्हरवर बिलाची बेरीज थोडी जास्त येत होती. तो सर्व्हर युटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर आहे. तिथे ११ जूनची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडची पहाट, साडेपाच. आपल्या केंद्रावर पाच-सव्वापाचलाच पहिली किटली येते. साडेपाचच्या आतलं दूध आदल्या बिलात शिरत होतं. संस्थेच्या सर्व्हरवर भारतीय वेळ लावलेली आहे म्हणून ते आजवर झाकलं गेलं. उद्या कुणी सर्व्हर बदलला असता तर पहाटे येणाऱ्यांची बिलं हलली असती, आणि कारण कोडमध्ये कुठेच सापडलं नसतं. आता ‘एशिया/कोलकाता’ क्वेरीतच लिहिलेलं आहे. नियम सर्व्हरच्या सेटिंगवर सोडला नाही.

१९ जून, गुरुवार

पैशाला गोल करायचं कुठे, यावर आजचा अख्खा दिवस गेला, आणि तो जायलाच हवा होता.

संकलनाच्या पावतीवरची रक्कम पायथन काढतं, बिलावरची रक्कम क्वेरी काढते. आज हे उदाहरण सापडलं: ४.५ लिटर, फॅट आणि एसएनएफनुसार (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दर ३३ रुपये ४५ पैसे. गुणाकार १५०.५२५. पोस्टग्रेस शेवटच्या ५ ला वर नेतं: १५०.५३. पायथनचा डेसिमल प्रकार, काही सांगितलं नाही तर, जवळच्या सम अंकाकडे जातो: १५०.५२. दोघंही आपापल्या नियमाने बरोबर. पण शेतकऱ्याच्या हातात पावती १५०.५२ ची आणि बिलात ओळ १५०.५३ ची. दहा दिवसांच्या वीस पावत्या कुणी बसून जोडल्या, आणि गावात जोडणारे आहेत, तर त्याला बेरीज जुळत नाही.

आता रक्कम एकाच ठिकाणी काढली जाते, दरपत्रकाच्या फाइलीतल्या एका क्वेरीत. पावतीही तिलाच विचारते, बिलही. प्रत्येक पावतीला पैशापर्यंत गोल, मग बेरीज. बेरजेला पुन्हा गोल करायचं नाही. पायथनमधला गुणाकार काढून टाकला. फाइलीत टिप्पणी: "अर्धा पैसा उत्पादकाच्या बाजूने." हे वाक्य सचिवकाकांचं.

२१ जून, शनिवार

११ ते २० चं बिल. पाचही बेरजा काढल्या, ठरलेले फरक सोडून सगळं जुळलं.

दुपारी संस्थेत गेले होते. बिलाची नवी फाइल छापून नेली होती, एकूण सव्वादोन पानं. सचिवकाकांनी चष्मा लावला आणि दरपत्रकाचा तक्ता वाचावा तसं पट्टी धरून, ओळीखाली ओळ वाचायला सुरुवात केली. इंग्रजी शब्दांपाशी मी अर्थ सांगत होते: इथून डेटा घ्यायचा, इथे दोन टेबलं जोडायची, इथे गट पाडायचे. टिप्पण्या ते स्वतः वाचत होते. मी लिहिलं होतं: "या दहा दिवसांत दूध घातलेल्या सभासदांची कपात."

तिथे पट्टी थांबली. "आणि ज्याची गाय आटलीय त्याची उचल कुठं जाते?"

मी वर-खाली पाहिलं. सभासदांचं टेबल संकलनाला ‘लेफ्ट जॉइन’ने जोडलेलं आहे, म्हणजे दूध नसलेला सभासदही यायला हवा. पण तारखेची अट खाली ‘व्हेअर’मध्ये, म्हणजे शेवटच्या गाळणीत आहे. दूधच नाही तर तारीखही रिकामी, रिकाम्या तारखेवर अट खरी ठरत नाही, आणि तो माणूस यादीतून गळतो. लेफ्ट जॉइन नावापुरता उरतो. त्याच्या नावावरची पशुखाद्याची उधारी त्या बिलात दिसतच नाही, आणि गाय व्यायल्यावर अचानक तीन महिन्यांची कपात एकदम समोर येते. गेल्या वर्षी असं दोघांच्या बाबतीत झालं होतं, संस्थेत येऊन ते भांडले होते. काकांना ती नावंही आठवत होती.

अट ‘जॉइन’च्या ‘ऑन’मध्ये, म्हणजे जोडणीच्याच अटीत, उचलून ठेवली. एक ओळ वर सरकली, एवढाच बदल. टिप्पणी काकांनी सांगितली तशी लिहिली: "भाकड जनावर असलेल्या सभासदाचंही बिल निघेल; रक्कम शून्य, बाकी उधारी दिसेल."

ही ओळ आठ वर्षं कोडमध्ये होती. माझ्यासारखे निदान तिघं तिच्यावरून गेले.

२४ जून, मंगळवार

या आठवड्यात माउलींची पालखी फलटणकडे येते आहे, संस्थेत सगळे त्या गडबडीत. मला शांतपणे काम करता आलं.

सभासद शोधायच्या स्क्रीनवर गाव, प्रकार, नाव अशा ऐच्छिक अटी आहेत. जुन्या कोडमध्ये नाव सरळ क्वेरीच्या मजकुरात चिकटवलेलं होतं. बँकेच्या नोंदीत रोमन लिपीत ‘डि’सोझा’ असं आडनाव असलेला एक सभासद आहे. त्याच्या नावातल्या अवतरण चिन्हाने शोध बंद पडत असे. ज्या भोकातून हे चिन्ह आत जातं, त्यातूनच कुणी वाईट हेतूने टेबल पुसायची आज्ञाही पाठवू शकतो. आता नाव परिमाण म्हणून जातं, मजकुराचा भाग होत नाही.

ऐच्छिक अटींसाठी "परिमाण रिकामं असेल, किंवा कॉलम त्याच्याइतका असेल" असं लिहिलं. पहिल्यांदा पोस्टग्रेसने परिमाणाचा प्रकार कळत नाही म्हणून नकार दिला. प्रकार स्पष्ट लिहिल्यावर चाललं. गावांची यादी द्यायची तिथे ‘एनी’ (यादीतलं कोणतंही एक) वापरून एकच अ‍ॅरे पाठवते.

क्रमवारी मात्र परिमाणाने बदलत नाही. कॉलमचं नाव परिमाण म्हणून दिलं तर ती नुसती एक स्थिर किंमत होते आणि कसलीच क्रमवारी लागत नाही, चूकही दाखवत नाही. क्रमांकाने आणि नावाने अशा दोन वेगळ्या क्वेरी ठेवल्या. मजकूर दुबार झाला, पण दोन्ही वाचता येतात. अहवालाच्या एका स्क्रीनवर नऊ अटी आणि सहा क्रम आहेत; तिथे क्वेरी कोडमध्येच तुकड्यांनी बांधायची, हे मी मान्य केलं आहे. ती एक वेगळ्या फाइलीत, नाव आणि कारण लिहून.

‘लाइक’मधलं, म्हणजे अर्धवट नावाने शोधायच्या अटीतलं, टक्क्याचं चिन्ह फाइलीत दोनदा लिहावं लागतं, कारण पायथनला डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर एकट्या टक्क्याला परिमाण समजतो. त्यामुळे ती फाइल पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला थेट क्वेरी द्यायच्या प्रोग्राममध्ये) जशीच्या तशी चालवायला अडचण नको म्हणून टक्का परिमाणातूनच पाठवायचं ठरवलं. बाकीच्या फाइली पीएसक्यूएलमध्ये थेट चालतात. तिथेही कोलन आणि नाव हीच खूण आहे. फक्त तारीख देताना अवतरण चिन्हं किमतीच्या आत द्यावी लागतात. नाहीतर २०२५-०६-०१ ही वजाबाकी होते आणि उत्तर २०१८ येतं: २०२५ मधून आधी ६ आणि मग १ गेले.

३० जून, सोमवार

    

चाचणी जोडली. दर कमिटला, म्हणजे कोडमधला बदल नोंदवला की, रिकाम्या स्कीमावर (डेटा नसलेल्या टेबलांवर) प्रत्येक क्वेरी कशी चालेल याचा फक्त आराखडा मागवला जातो. पोस्टग्रेस १६ पासून परिमाणांच्या किमती न देताही ‘एक्स्प्लेन’ सामान्य आराखडा देतं. एखाद्या कॉलमचं नाव बदललं की कोणत्या क्वेरी तुटतात ते तिथल्या तिथे कळतं. पूर्वी हे बिलाच्या दिवशी कळत असे. बिलाच्या आणि कपातीच्या क्वेरींना खऱ्यासारख्या डेटावरची चाचणीही आहे: भाकड गाय, पहाटे ५:१० ची किटली, ३१ मार्च, अर्धा पैसा.

१ जुलै, मंगळवार

२१ ते ३० जूनचं बिल नव्या क्वेरीने निघालं. जुन्या चारही प्रती पुसल्या. १४३ पैकी दुबार गेल्यावर ९६ उरल्या, त्यातल्या ९५ फोल्डरमध्ये.

५ जुलै, शनिवार

संचालक मंडळाची बैठक काल झाली. दोन वर्षांचा राहिलेला दरफरक येत्या दिवाळीच्या फरकासोबत, वेगळ्या ओळीत दाखवून द्यायचा, असा ठराव झाला. मधल्या काळात दोन सभासद वारले आहेत. त्यांचे पैसे वारसांच्या खात्यावर जातील. त्यासाठी बँकेच्या फाइलीत वारसाचं खातं जोडायला हवं. ‘बँक’ फाइल उघडली, क्वेरीच्या वर टिप्पणी लिहून ठेवली. उद्या आषाढी. सोमवारी क्वेरी लिहायला घेते.